पाणी नसलेल्या गावात ओली काच

मागच्या सीटवर रजईत गुंडाळलेल्या बारा काचा, पुढच्या सीटवर पट्टा लावून बसवलेला रसायनांचा खोका, डिकीत लाकडी कॅमेरा आणि पाण्याचे दोन मोठे कॅन. एवढं सामान भरून मे महिन्यातल्या एका पहाटे मी एकटीच पुण्याहून बीड जिल्ह्याकडे निघाले. सोसायटीच्या वॉचमनने गाडीत डोकावून विचारलं, "मॅडम, घर बदलताय का?" मी म्हटलं, "नाही हो, फोटो काढायला चाललेय." त्याने खिशातल्या मोबाइलकडे पाहिलं, मग माझ्या सामानाकडे पाहिलं, आणि गेट उघडलं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात अठ्ठावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, काचेवर फोटो काढायची पद्धत शिकले. स्वच्छ काचेवर कलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं, अंधारात ती काच चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा. लगेच अंधारात परत नेऊन धुवायची. सगळा खेळ ओल असेपर्यंतचा. काच वाळली की फोटो गेला. म्हणून मी माझ्या पहिल्या काचा कोकणातल्या एका बंदराच्या गावात केल्या. तिथल्या दमट हवेत काच बराच वेळ ओली राहते. होड्या, जेट्टी, मासळी वाळत घालणाऱ्या बायका, सगळं सुरेख आलं. पुण्यात प्रदर्शन भरवलं, लोकांनी कौतुक केलं.

त्या प्रदर्शनात एक बाई एकेका काचेपुढे खूप वेळ उभ्या राहत होत्या. दूध व्यवसायाच्या प्रशिक्षणासाठी पुण्यात आलेल्या शोभाताई, सिरसाळ्याच्या आतल्या बाजूच्या एका गावातल्या महिला दूध सहकारी संस्थेच्या अध्यक्ष. त्यांनी विचारलं, "ह्यो काचेवरचा फोटू किती दिवस टिकतो?"

"नीट सांभाळला तर शंभर-दीडशे वर्षं."

"मग आमच्या बायांचा काढा. संस्था ज्यांनी काढली त्या नऊजणी हायेत अजून. मोबाइलमधी काढलता एकदा. मोबाइल बिघडला, फोटू गेला." मग म्हणाल्या, "पण आमच्याकडं दुष्काळ हाय. पानी न्हाई. तिथं निघंल का?"

मी "निघेल की" म्हणाले. शिक्षकांना "माहीत नाही" म्हणायची सवय नसते.

पाटोद्याला चहासाठी थांबले. तिथे पोहोचण्याआधीच एका गतिरोधकावर गाडी उडाली होती आणि मागून कच्चकन आवाज आला होता. रजई उघडून पाहिली तर एका काचेचे दोन तुकडे. अकरा उरल्या. चहावाल्याने ते तुकडे जपून गोणपाटात घेतले आणि विचारलं, "खिडकीची काच हाय का?" मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "एवढ्या उन्हात वली काच? बाई, आमच्याकडं धुतलेलं धोतर झटकूस्तोर वाळतंय." मी हसले, पण ते वाक्य पुढच्या सगळ्या रस्त्यावर माझ्याबरोबर आलं. दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी रानं होती, ढेकळं तशीच पडलेली. ओढ्यांवरच्या पुलांखाली वाळूसुद्धा उरली नव्हती, नुसते गोटे.

सिरसाळ्याच्या बाजारात शोभाताईंसाठी टरबूज घेतलं आणि आत वळले. गाव आलं ते आधी निळ्या रंगाने दिसलं. प्रत्येक घरापुढे टँकरच्या पाण्यासाठी प्लॅस्टिकचे निळे पिंप ओळीने मांडलेले. गावाबाहेर चारा छावणी (दुष्काळात जनावरं एकत्र ठेवून चारा-पाणी देण्याची जागा) होती. शेडनेटच्या सावलीत गाई-बैल उसाचे वाढे (शेंड्यांची हिरवी पानं) चघळत उभे होते. ही छावणी शोभाताईंची संस्थाच चालवत होती. निम्मं गाव दिवसभर तिथेच असायचं.

शोभाताईंनी जेवायला भाकरी आणि येसराची आमटी (भाजलेल्या धान्यांच्या मसालेदार पिठाची आमटी) वाढली. ताटाशेजारी पाण्याचा एक तांब्या ठेवला. मी हात धुवायला उठले तेव्हा त्यांनी माझ्या हातांखाली घमेलं धरलं. ते पाणी लगेच दारातल्या लिंबाला गेलं. मी गाडीतल्या माझ्या कॅनचा विचार केला. त्यातलं सगळं पाणी मी नुसत्या काचा धुवायला आणलं होतं. संकोचत ते शोभाताईंना सांगून टाकलं.

"बाई, लाजू नका," शोभाताई म्हणाल्या. "पानी तुमचं हाय, तुमी आणलंय. आमाला फोटू पायजे."

मग त्यांनी गयाबाईंची गोष्ट सांगितली. गयाबाई संस्थेच्या पहिल्या सभासद, सत्तरी ओलांडलेल्या. मागच्या एका दुष्काळात गावातलं दूध इतकं आटलं की संकलन बंद करून संस्था मिटवून टाकायची, असं जवळपास ठरलं होतं. गयाबाईंची एकच गाय तेवढी दूध देत होती. त्या रोज सकाळी अर्धा लिटर दूध घेऊन डेअरीत यायच्या आणि म्हणायच्या, "घ्या. आजचं संकलन झालं. संस्था चालू हाय." पावसाळ्यापर्यंत एक दिवस चुकवला नाही. त्यामुळे संस्था राहिली. यंदाची वार्षिक सभा पाच दिवसांवर होती आणि त्या दिवशी नऊजणींचा फोटो कार्यालयात लावायचा होता. सभेनंतर त्यांतल्या दोघी लेकांकडे पुण्या-मुंबईला राहायला जाणार होत्या. म्हणजे नऊजणी पुन्हा एकत्र येतीलच, याची खात्री नव्हती.

हात बसावा म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी जवळच्या धर्मापुरीला गेले. तिथलं जुनं दगडी देऊळ कोरीवकामाने भरलेलं आहे. देऊळ हलत नाही, त्यामुळे सुरुवातीला बरं. देवळाजवळ माझा काळा तंबू उभारला, आत शिरले आणि पाच मिनिटांत घामाने निथळले. कलोडियन काचेवर ओतलं तर ते पसरायच्या आधीच सुरकुतलं. दुसरी काच कॅमेऱ्यापर्यंत गेली, पण परत तंबूत येईपर्यंत कडा वाळल्या आणि फोटोवर नुसते ओघळ उमटले. तिसरी, चौथी, पाचवी, सहावी, सगळ्यांची तीच गत. बिघडलेली काच घासून धुतली तर पुन्हा वापरता येते, पण घासून धुवायला बादलीभर पाणी लागतं. ते मी वापरणार नव्हते. त्यातच चांदीचं द्रावण हातांवर सांडलं आणि बोटं काळी पडली.

समोरच्या दुकानातले आप्पा, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात इष्टलिंग, सकाळपासून माझी फजिती बघत होते. त्यांनी मला आत बोलावून ताक दिलं.

"देवळाचा फोटू न्हाई आला?"

"नाही आला आप्पा. ऊन फार आहे."

"हे देऊळ शेकडो वर्षं झाली उभं हाय. ते कुटं चाललंय? तुमी परत या. पर असल्या उन्हात तंबूत कावून शिरायचं माणसानं?"

मी गावाकडे परतले तेव्हा माझ्याजवळ पाच काचा होत्या आणि "निघेल की" या शब्दांची मला चांगलीच लाज वाटत होती. शोभाताईंना खरं ते सांगितलं. थंड आणि अंधारी जागा नसेल तर या हवेत हे जमणार नाही. छायाचित्रकार म्हणून नव्हे, तर रसायनाची मास्तरीण म्हणून सांगते.

शोभाताईंनी ऐकून घेतलं आणि फॅट काढणाऱ्या (दुधातली स्निग्धता तपासणाऱ्या) महादेवरावांना हाक मारली. "महादेवराव, बर्फाच्या खोलीची किल्ली कुटंय?"

डेअरीत दूध थंड करायचं यंत्र येण्याआधी बर्फाच्या लाद्या ठेवायला बांधलेली ती खोली होती. हातभर जाड भिंती, खिडकी एकही नाही, आतून थर्माकोल. इतकी वर्षं तिच्यात रिकाम्या गोण्या पडल्या होत्या. तिचं दार उघडून आत पाऊल टाकलं आणि मला गारवा जाणवला. दार ओढून घेतलं तर मिट्ट काळोख. मी त्या काळोखात एकटीच मोठ्याने हसले. बाहेरून महादेवराव म्हणाले, "बाई, बऱ्या हाव ना?"

शोभाताईंनी मात्र लगेच नियम घातले. "दूध येतंय त्या दारानं तुमची एकबी बाटली जायची न्हाई. वापरलेलं पानी जनावरांच्या वाटंला जायचं न्हाई." मी शब्द दिला. वापरलेलं सगळं पाणी झाकणाच्या कॅनमध्ये साठवून पुण्याला परत न्यायचं ठरलं. गोण्या काढून खोली झाडली. डेअरीतल्या थंड पाण्याने भरलेले दुधाचे चार कॅन भिंतीशी लावले आणि त्यांच्यामध्ये माझ्या बाटल्या ठेवल्या. तासाभरात कलोडियन मधासारखं संथ ओतता येऊ लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली काच महादेवरावांची. त्यांना डेअरीच्या ओट्यावर सावलीत बसवलं, शेजारी निळे पिंप. "सहा आकडे मोजेपर्यंत हलायचं नाही." ते श्वाससुद्धा न घेता बसले. मी काच घेऊन धावत खोलीत गेले. काच ओलीच होती. लाल कागद लावलेल्या बॅटरीच्या उजेडात तिच्यावर औषध ओतलं, तशी भुवया, मिशी, सदऱ्याची कॉलर हळूहळू उमटली. शेवटचं काम उजेडात करता येतं, म्हणून काच थाळीत घेऊन ओट्यावर आले. थाळीतली काच आधी दुधाळ दिसते. मग तो दुधाळपणा विरत जातो आणि खालून माणूस वर येतो. जमलेल्या बायका वाकून बघत होत्या.

"अगं, दूध फाटलं!" एकजण ओरडली, आणि पुढच्याच क्षणी, "न्हाई न्हाई, महादेवराव आले!"

काय हशा पिकला! महादेवरावांचा निळा सदरा पांढराशुभ्र आला होता, निळे पिंपही पांढरे, आणि चेहऱ्यावरची एकेक सुरकुती कोरल्यासारखी. ही काच निळ्याला पांढरं करते आणि लाल-पिवळ्याला काळं, हे मी समजावून सांगितलं. नुसतं सांगितलं, त्याचा नीट विचार केला नाही. ती चूक मला लगेच कळली.

दुसरी काच गयाबाईंची. सगळ्यांनी त्यांनाच पुढे केलं. बारीक, ताठ, कपाळ उघडं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण कपाळावर, हनुवटीवर गोंदणाचे हिरवट निळे ठिपके आणि हातावर मनगटापासून कोपरापर्यंत तुळस गोंदलेली. त्या हात मांडीवर ठेवून अशा बसल्या की मला मोजावंच लागू नये. काच उत्तम आली. माझ्या आजवरच्या कामात तशी डोळ्यांतली धार मी पाहिली नव्हती.

गयाबाईंनी काच बराच वेळ पाहिली. मग स्वतःचा हात पाहिला. मग पुन्हा काच.

"माझं गोंदण कुटं गेलं?"

कपाळ कोरं होतं. हनुवटी कोरी होती. हातावर तुळशीचं एक पान दिसत नव्हतं. विटलेला हिरवट-निळा रंग या काचेला दिसतच नाही.

"गयाबाई, ही काच निळा रंग..."

"माज्या आयनं जत्रंत मांडीवर धरून गोंदून घेतलंय ते. मेल्यावर दुसरं काय संगं नेता येतंय? एवढंच." त्यांनी काच माझ्या हातात दिली. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "ही बाई मी न्हाई. मला फोटूत धरू नका."

आणि त्या छावणीकडे निघून गेल्या. बाकीच्या आठजणी एकमेकींकडे पाहू लागल्या. त्यांतली एक म्हणाली, "आत्या न्हाई तर आमीबी न्हाई." प्रत्येकीच्या कपाळावर कमी-जास्त गोंदण होतंच. सभा तीन दिवसांवर होती आणि माझ्याजवळ तीन काचा.

दुपारी मी ओट्यावर बसून राहिले. कॅमेऱ्याच्या भिंगाला रंगीत फिल्टर लावावा का, उजेड बदलावा का, सगळं मनात करून पाहिलं. एकही उपाय चालणारा नव्हता. तेवढ्यात शोभाताई महादेवरावांची वाळलेली काच हातात घेऊन शेजारी बसल्या. ओट्यामागच्या भिंतीवर पूजेचे कुंकवाचे पाच ठिपके होते, तेही त्या काचेत आले होते. त्यांनी बोट ठेवलं.

"बाई, हे कुकू काळं कावून आलं?"

"लाल रंग या काचेवर काळाच येतो."

"मग गोंदणावर कुकू भरलं तर?"

अठ्ठावीस वर्षं रसायन शिकवलं मी, आणि प्रश्न त्यांना सुचला! लगेच माझ्या हातावर पेनाने फिकट निळे ठिपके काढले, अर्ध्यांवर कुंकू भरलं, अर्धे तसेच ठेवले आणि हाताचाच फोटो घेतला. एक काच खर्ची पडली, पण उत्तर ढळढळीत होतं. कुंकवाचे ठिपके काळे ठसठशीत, बाकीचे गायब.

ती काच घेऊन आम्ही दोघी छावणीत गेलो. गयाबाई गाईपुढे वाढे टाकत होत्या. शोभाताईंनी सगळं सांगितलं, पण शेवटी त्या अडखळल्या. विधवेच्या कपाळाला कुंकू लावायचं, ते कसं म्हणायचं? मीच काही बोलावं का, या विचारात असताना गयाबाईंनी पेंढी खाली ठेवली, पदराने कपाळ पुसलं आणि मान वर केली.

"भर," त्या म्हणाल्या. "कुकू म्हणून लावीत न्हाई मी. माजं गोंदण हाय ते. आन् कुकू म्हणलं तरी कुणाला काय करायचंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीच्या ओट्यावर नऊजणी बसल्या. तेलात कालवलेलं कुंकू आणि लिंबाच्या टोकदार काड्या घेऊन त्या एकमेकींचं गोंदण भरत होत्या. गयाबाईंचं कपाळ शोभाताईंनी भरलं. एकेक ठिपका, एकेक पान. हातावरची तुळस पूर्ण व्हायला पाऊण तास लागला. बोलता बोलता कुणाचं गोंदण कुठल्या जत्रेतलं, कोण किती रडली होती, सगळ्या कथा निघाल्या. ओटा माहेरासारखा झाला होता.

पहिली काच कॅमेऱ्यात घातली. महादेवराव आकडे मोजणार होते. "एक... दोन... तीन..." आणि वेशीतून टँकरचा हॉर्न वाजला. नऊच्या नऊजणी हंड्यांसाठी उठून धावल्या! त्या काचेवर ओटा, भिंत, सतरंजी सगळं स्वच्छ आलं आणि बायकांच्या जागी नऊ धुक्याचे लोट.

एकच काच उरली.

सगळ्यांचं पाणी भरून होईपर्यंत थांबलो. मग शोभाताई टँकरवाल्याकडे गेल्या. "भाऊ, पंधरा मिनिटं गाडी बंद कर, आन् हॉर्नवरचा हात काड." तो खाली उतरून ओट्यापाशी हात बांधून उभा राहिला. घामाने पुसटलेले ठिपके पुन्हा भरले. मी खोलीत गेले, कलोडियन ओतलं. द्रावण एकसारखं पसरलं. काच कॅमेऱ्यात घातली, झाकण काढलं. महादेवरावांनी नऊपर्यंत आकडे मोजले. ओट्यावर पापणी हलली नाही. छावणीतली एक गाय हंबरली तेवढीच.

थाळी घेऊन बाहेर आले तेव्हा सगळ्याजणी भोवती जमल्या. दुधाळ काच थाळीत हलत होती. आधी नऊ लुगडी वर आली. मग चेहरे. मग एकेक ठिपका, हनुवटीवरचे, कपाळावरचे, आणि मध्ये बसलेल्या गयाबाईंच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत पानापानाची काळीभोर तुळस.

गयाबाईंनी काळ्या कापडावर ठेवलेल्या काचेवर हात न लावता बोट फिरवलं. ठिपके मोजले. मग म्हणाल्या, "ही मी हाय."

पुढचा अर्धा तास मला नीट आठवत नाही. कुणीतरी माझ्या गळ्यात पडलं, टँकरवाला टाळ्या वाजवत होता, महादेवराव प्रत्येकाला "नऊ आकडे मी मोजले" असं सांगत होते. शोभाताईंनी सिरसाळ्याहून पेढे मागवले. कुणीतरी गयाबाईंना कपाळ पुसायला ओला फडका दिला. त्यांनी तो गाईच्या पाठीवर टाकला आणि तसंच रंगलेलं कपाळ घेऊन गावातून घरी गेल्या. सभेला मी थांबले. कार्यालयाच्या भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीवर, ती काच लागली. लोक रांगेने पाहून गेले.

परतीच्या वाटेवर डिकीत वापरलेल्या पाण्याचे कॅन डचमळत होते. पुण्यात पोचल्यावर मैत्रिणी जमल्या. "दाखव ना, काय काय आणलंस?" दाखवण्यासारखं माझ्याजवळ काहीच नव्हतं, महादेवरावांची काचही डेअरीतच राहिली होती. अशा काचेला निगेटिव्ह नसते, दुसरी प्रत निघत नाही. समुद्रकाठच्या काचा मी जपून घरी आणल्या होत्या आणि लोकांनी त्या पाहाव्यात म्हणून हॉल भाड्याने घेतला होता. माझं सर्वांत चांगलं काम मात्र आता एका डेअरीच्या भिंतीवर आहे. तिथे रोज सकाळी दूध घालायला येणाऱ्या बाया ते पाहतात. मला ते पाहायचं तर पुन्हा सहा-सात तास गाडी चालवत जावं लागेल. मैत्रिणींना वाटलं मी रिकाम्या हाताने आले. मी त्यांना गोष्ट सांगायला बसले, आणि सांगताना माझाच आवाज इतका चढला की शेजारच्यांनी दार उघडून विचारलं, "काय झालं हो? काही चांगली बातमी आहे का?"

"हो," मी म्हटलं, "या, बसा."